पियानोचा हंगाम मुंबईत, पेटी परभणीत: साडेपाचशे किलोमीटरचं हे अंतर नेमकं कशाचं?

नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या जमशेद भाभा थिएटरमध्ये वर्षातून दोनदा संगीताचा मोठा हंगाम भरतो. साधारण फेब्रुवारीत एकदा आणि सप्टेंबरच्या सुमारास एकदा. रंगमंचावर पन्नास-साठहून अधिक वादक बसतात, त्यांच्या पुढ्यात नऊ फुटी काळा पियानो येतो आणि ज्याचं नाव एरवी लंडन किंवा व्हिएन्नाच्या कार्यक्रमपत्रिकेत दिसतं असा वादक मुंबईकरांसमोर वाजवतो.

परभणी याच राज्यात आहे. रेल्वेने साधारण साडेपाचशे किलोमीटर. सकाळी मुंबईहून तपोवन एक्सप्रेस पकडली की दिवस मावळायच्या आत माणूस तिथे पोचतो. पियानोचा हंगाम मात्र तिकडे पोचत नाही, आणि तो पोचावा असं फारसं कुणी म्हणतही नाही. 'तिकडे कोण ऐकणार' या तीन शब्दांत विषय संपतो.

पण हे तीन शब्द कितपत खरे आहेत? परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एकादशीच्या भजनाला गायक पेटीवाल्याला 'काळी एक धरा' किंवा 'पांढरी चार' असं सांगतो. ही काळी-पांढरी म्हणजे पियानोच्या पट्ट्या. युरोपातल्या पट्टीवाद्यांची अख्खी रचना मराठी गाण्याच्या रोजच्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ती परकी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मग पट्ट्या पोचल्या आणि पियानो राहिला, असं का झालं?

हा हंगाम भरवतं कोण?

नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे एनसीपीए, ही संस्था १९६९ साली जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने उभी राहिली. नरिमन पॉइंटची जागा राज्य सरकारने दिली, तीही समुद्रात भराव टाकून तयार करायची होती. १९८० मध्ये टाटा थिएटर सुरू झालं. त्याचा आराखडा फिलिप जॉन्सन या अमेरिकी वास्तुरचनाकाराचा, आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. भारतीय मैफलीत गायक आणि श्रोता यांच्यात जी जवळीक असते ती टिकावी, हा विचार त्या रचनेत होता. मोठा वाद्यवृंद आणि ऑपेरा यांच्यासाठी वेगळं सभागृह लागतं, ते जमशेद भाभा थिएटर १९९९ मध्ये खुलं झालं. त्याआधी १९९७ मध्ये बांधकाम चालू असतानाच ते आगीत जळालं होतं आणि पुन्हा बांधावं लागलं. आसनं अकराशेच्या आसपास.

एनसीपीए म्हणजे फक्त पाश्चात्त्य संगीत, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पु. ल. देशपांडे या संस्थेशी अनेक वर्षं जोडलेले होते आणि मराठी रंगभूमीच्या संगीताचं दस्तावेजीकरण तिथे झालं. संगीताचे अभ्यासक अशोक रानडे यांनीही तिथे काम केलं. पुलं स्वतः उत्तम पेटी वाजवत, हे वेगळं सांगायला नको.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद २००६ मध्ये स्थापन झाला. एनसीपीएचे अध्यक्ष खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव या दोघांची ही कल्पना. पियानोचे परदेशी पाहुणे प्रामुख्याने या वाद्यवृंदाबरोबर येतात. पोर्तुगालच्या मारिया जुआव पिरेस, अमेरिकेत जन्मलेले स्टीफन कोव्हासेविच, फ्रान्सचे सेड्रिक तिबर्गिएन, बेलफास्टचे बॅरी डग्लस अशी नावं आतापर्यंत या वाद्यवृंदाबरोबर वाजवून गेली आहेत. डग्लस यांनी १९८६ मध्ये मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत पियानोचं पहिलं पारितोषिक मिळवलं होतं. त्या स्पर्धेचं पियानोच्या जगातलं वजन साधारण ऑलिम्पिक पदकाइतकं. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता यांनी या वाद्यवृंदाचं पहिल्यांदा संचालन केलं, तेव्हा त्याची बातमी मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांपर्यंतही पोचली.

या वाद्यवृंदावर एक टीका सतत होते. नावात 'इंडिया' असलं तरी वादकांचा मोठा भाग हंगामापुरता परदेशातून येतो, त्यातही कझाकस्तानातून बरेच. टीका खरी आहे. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी व्यावसायिक दर्जाचे साठ-सत्तर पाश्चात्त्य वादक भारतात जमवणं शक्यच नव्हतं, हेही तितकंच खरं. आधी वाद्यवृंद उभा करायचा आणि मग त्याच्या आधाराने विद्यार्थी घडवायचे, असा उलटा क्रम एनसीपीएने धरला. २०१२ पासून तिथली संगीत अकादमी लहान मुलांना रशियन पद्धतीने शिकवते. त्यातून पुरेसे भारतीय वादक तयार व्हायला अजून किती वर्षं लागतील, हा वेगळा वाद आहे.

पाहुणा वादक येतो म्हणजे काय होतं?

पाहुणा बहुतेक वेळा 'कॉन्चेर्टो' वाजवतो. एक प्रमुख वादक आणि समोर पूर्ण वाद्यवृंद, अशी ही रचना. आपल्याकडच्या सवाल-जवाबाशी त्याचं वरवरचं साम्य आहे, पण इथे प्रत्येक सूर आधीच कागदावर लिहिलेला असतो. वादक कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी शहरात येतो, वाद्यवृंदाबरोबर मोजक्या तालमी होतात, आणि कार्यक्रम. अशा वादकांच्या तारखा दीड-दोन वर्षं आधी ठरतात. म्हणजे यजमान संस्थेला दोन वर्षांनंतरचं सभागृह, दोन वर्षांनंतरचा वाद्यवृंद आणि दोन वर्षांनंतरचे पैसे आजच पक्के करावे लागतात.

मुंबईत हे रुजलं कसं?

तीन समाजांमुळे. पारशी घरांत पियानो असणं हे शिक्षणाचं आणि प्रतिष्ठेचं लक्षण होतं. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून मुंबईत आलेले गोवेकर वादक हॉटेलांत, सिनेमागृहांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. तिसरा गट छोटा, पण मोलाचा. १९३०च्या दशकात नाझींच्या तडाख्यातून निसटून आलेले ज्यू संगीतकार.

वॉल्टर कॉफमन हे त्यांतले एक. मूळचे चेकोस्लोव्हाकियातले, १९३४ मध्ये मुंबईत आले आणि बारा वर्षं राहिले. मुंबई आकाशवाणीत ते पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची पहाटेची ओळखधून त्यांचीच मानली जाते. परभणीचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र आहे, आणि त्या केंद्राच्या श्रोत्यांच्या किमान दोन पिढ्या तंबोऱ्यावर तरंगणारी ही व्हायोलिनची धून ऐकत उठल्या. पाश्चात्त्य संगीत परभणीत पोचलंच नाही, असं म्हणणाऱ्याने एवढं तरी आठवावं.

झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. १९५२ मध्ये येहुदी मेन्यूहिन नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले आणि दुष्काळ निधीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. झुबिन १९५४ मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेले. नंतर मेहली यांनीही देश सोडला. अँथनी गोन्सालविस या गोवेकर व्हायोलिनवादकाने १९५८ मध्ये भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचा प्रयत्न केला, पैसे आणि प्रतिसाद यांच्या अभावी तोही फार काळ चालला नाही. म्हणजे मुंबईतही वाद्यवृंद आले आणि विरले. २००६ नंतर जो टिकला, त्याच्या मागे स्वतःचं सभागृह होतं. आधीच्या प्रयत्नांत हुनर कमी नव्हतं, पण स्वतःचं छप्पर नव्हतं.

परभणीच्या वाट्याला यातलं काय आलं? १९४८ पर्यंत जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईसारखा पारशी समाज नाही, गोव्यासारख्या चर्चच्या शाळा नाहीत. आला तो पियानो पडद्यावर. १९४९च्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसले आणि त्यानंतर वीस वर्षं हिंदी सिनेमातल्या प्रत्येक श्रीमंताच्या दिवाणखान्यात पियानो ठेवला गेला. ज्यांनी हे वाद्य प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही त्यांनाही त्याचा आवाज ओळखीचा झाला, आणि त्याबरोबर 'हे बंगल्यातलं वाद्य' ही समजूतही.

पियानो प्रत्यक्षात अडतो कुठे?

इथे संगीत बाजूला ठेवून वाद्याकडे पाहायला हवं.

मैफलीचा मोठा पियानो साधारण पावणेतीन मीटर लांब आणि पाच क्विंटलच्या आसपास वजनाचा असतो. ८८ पट्ट्या, सव्वादोनशेहून अधिक तारा. या सगळ्या तारांचा मिळून ताण सुमारे वीस टन, आणि तो पेलायला आत बिडाची चौकट. सुटे भाग बारा हजारांच्या घरात. स्टाइनवेसारख्या कंपनीचा नवा मोठा पियानो भारतात आणायचा तर आयात शुल्क आणि वाहतूक धरून दीड कोटी रुपयांच्या पुढे तयारी लागते.

पण किंमत ही अडचण एकदाच येते. रोजची अडचण हवेची आहे. तारांखाली लाकडाची एक रुंद, पातळ पाटी असते, तिला साउंडबोर्ड म्हणतात. आवाज तीच मोठा करते. दमट हवेत हे लाकूड फुगतं, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. कोरड्या हवेत ते आकसतं, सूर उतरतो आणि वर्षानुवर्षं असं झालं तर पाटीला भेगा जातात. वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या पावसाळ्यात ती ८०-९० टक्क्यांवर असते, म्हणून पियानो बारा महिने वातानुकूलित खोलीत ठेवावा लागतो.

परभणीचं हवामान आणखी अवघड. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि हिवाळ्यात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नोंदी एक आकडी तापमान दाखवतात. राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातमीत परभणीचं नाव दर थंडीत येतं. मे महिन्यातली भट्टीसारखी कोरडी हवा आणि ऑगस्टमधला ओलावा, या दोन टोकांमध्ये लाकूड सतत हलत राहतं. कार्यक्रमाच्या दिवशी एसी लावला आणि दुसऱ्या दिवशी बंद केला, तर पियानोला तो न लावण्यापेक्षा जास्त जाचक ठरतो.

आणि सूर बिघडला की तो जुळवणारा माणूस लागतो. मोठ्या मैफलीआधी पियानो त्याच दिवशी जुळवतात, मध्यंतरात पुन्हा तपासतात. सव्वादोनशे तारा एकेक करून हातोडीसारख्या किल्लीने. हे काम शिकायला वर्षं जातात आणि भारतात असे कारागीर मोजकेच आहेत, तेही मोठ्या शहरांत. व्हायोलिनवादक स्वतःचं वाद्य काखोटीला मारून येतो. पियानोवादक मात्र जे समोर असेल ते वाजवतो. व्लादिमीर होरोविट्झ यांच्यासारखा एखादाच स्वतःचा पियानो विमानात घालून मॉस्कोला नेऊ शकतो. बाकीच्यांसाठी नियम साधा: जिथे चांगला पियानो आणि चांगला जुळारी, तिथे हंगाम.

म्हणूनच सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाला २०१९ मध्ये लंडन-बर्मिंगहॅमचा दौरा करता येतो. तिथली सभागृहं तयार आहेत. प्रश्न किलोमीटरचा असता तर परभणी आधी आली असती.

मग पेटी कशी पोचली?

हार्मोनियमही परदेशीच. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४०च्या दशकात तिची घडण पक्की केली. ती पायाने भाता मारायची होती आणि टेबलाएवढी होती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हाताचा भाता दिला, पाय काढून टाकले आणि ती मांडी घालून बसणाऱ्याच्या उंचीला आणली. एका हाताने भाता, एका हाताने सूर. दोन्ही हातांनी स्वरसंवाद वाजवायची सोय गेली, पण आपल्या गाण्याला तिची गरजच नव्हती.

एवढ्या एका बदलाने सगळं पालटलं. पितळी सूर उन्हाने फुगत नाहीत. वाद्य एका माणसाला उचलता येतं, एसटीच्या टपावर टाकता येतं. सूर बिघडला तर जवळच्या शहरातला कारागीर पातं घासून जुळवतो. गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर देशभर जातात. संगीत नाटक मंडळ्यांनी पायपेटी आणि ऑर्गन गावोगाव फिरवले, गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत एकट्याने बसवलं, आणि मराठवाड्यातल्या जालन्याकडचे आप्पा जळगावकर देशातल्या मोठमोठ्या गायकांची साथ करत मोठे झाले.

गंमत अशी की या पेटीला आकाशवाणीनेच १९४० मध्ये बंदी घातली. तिच्या ठरावीक बारा सुरांत मींड येत नाही, श्रुती बसत नाहीत, हा आक्षेप होता. तो मांडणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हे आकाशवाणीत काम केलेले इंग्रज संगीतकारही होते, आणि रवींद्रनाथांनाही पेटी नकोशी होती. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं रेडिओवर बंद असलेलं वाद्य गावच्या देवळातून मात्र एक दिवसही हललं नाही.

लग्नाच्या बँडचंही तेच. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, साइड ड्रम ही सगळी इंग्रजी पलटणींची वाद्यं. ती खांद्यावर घेता येतात, उन्हात चालतात, म्हणून परभणी-जिंतूर-गंगाखेडच्या वरातींत पोचली. आता ऑर्केस्ट्रात कॅसिओचा कीबोर्ड आहे. जे वाहून नेता येतं आणि गावात दुरुस्त होतं ते रुजतं. आवड मागून येते.

तिकिटांवर हे भागत नाही का?

नाही, आणि कुठेच भागत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये याचं कारण मांडलं. बेथोव्हेनच्या काळी चौघांच्या वादनाला जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. कारखान्यात यंत्राने एका माणसाचं उत्पादन अनेक पटींनी वाढतं, मैफलीत वाढत नाही. पगार मात्र सगळीकडे वाढतात. त्यामुळे संगीताचा खर्च दरवर्षी उत्पन्नाच्या पुढे पळतो. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांचाही निम्मा खर्च तिकिटांतून निघत नाही. उरलेलं देणगीदार देतात. युरोपात सरकार देतं.

भारतात सरकार थेट देत नाही, पण कायद्याने एक दार ठेवलं आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती आहे, पारंपरिक कलांचा विकास आहे. पण असा खर्च कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य देऊन करावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मोठ्या कंपन्यांची कार्यालयं मुंबई-पुण्यात, त्यामुळे पैसाही तिकडेच फिरतो.

जीएसटीत आणखी एक बारकावा आहे. ५०० रुपयांपर्यंतच्या मैफलीच्या तिकिटावर कर नाही. शास्त्रीय किंवा लोककलेतल्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर तेही करमुक्त. हिंदुस्थानी गायकाच्या जिल्हा पातळीवरच्या मैफलीला हे बरोबर बसतं. गायक, तबलजी, पेटीवाला आणि दोन तंबोरे एका गाडीत येतात, गावातली संस्था वर्गणी काढते, कार्यक्रम होतो. अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह किंवा पुण्याचा १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव हे याच मुळातून वाढले. वाद्यवृंद, परदेशी वादक आणि नऊ फुटी पियानो हा हिशोब वर्गणीत बसत नाही.

परभणीने हे मागावं तरी का?

हा प्रश्न रास्त आहे. सोयाबीन आणि कापसाचा भाव, पाण्याची पाळी, रिकाम्या शिक्षकांच्या जागा यांच्यापुढे पियानो म्हणजे चैन वाटणारच. कुणी परभणीच्या नावाने दीड कोटींचा पियानो घ्यायचा प्रस्ताव आणला, तर तो फेटाळणंच शहाणपणाचं. काही वर्षांत त्या पियानोचं कपाट झालेलं असेल.

पण पियानोला जे लागतं ते पाहिलं तर त्यातलं बरंचसं परभणीला एरवीही लागतं. ज्याच्यात शेवटच्या रांगेला माइकशिवाय ऐकू येईल असं सभागृह. बारा महिने देखभाल, नुसतं उद्घाटन नव्हे. वाद्यं आणि ध्वनी समजणारा एक पगारी तंत्रज्ञ. परभणी हे नाटकाचं गाव आहे, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र तिथे भरतं, आणि बी. रघुनाथ यांच्या नावाचं सभागृह शहरात आहे. या मंडळींनाही नेमक्या याच गोष्टी हव्या असतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या सभागृहाच्या अंदाजपत्रकात सिमेंट, खुर्च्या आणि दर्शनी भाग असतो. आवाजाचं गणित करणारा माणूस क्वचित असतो आणि पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याहून क्वचित. नरिमन पॉइंटला जो फरक पडला तो इथे पडला: सभागृह बांधण्याआधी त्याच्या आवाजाचा विचार झाला, आणि बांधून झाल्यावर ते चालवणारी कायमची संस्था होती.

तिथल्या जमिनीत राज्याचा वाटा आहे, हेही विसरू नये. सरकारी जागेवर उभ्या राहिलेल्या संस्थेचे वादक, शिक्षक किंवा चार जणांचा छोटा गट वर्षातून एकदा मराठवाड्यात यावा, अशी अपेक्षा जिल्ह्याने केली तर ती अवाजवी नाही. चौघांना पियानो लागत नाही. व्हायोलिन, व्हायोला, चेलो ही वाद्यं रेल्वेने येतात, आणि विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या सभागृहातही वाजतात.

पियानोच हवा असेल तर त्याचंही उदाहरण आहे. १९८६ मध्ये स्व्यातोस्लाव रिख्तर हे त्या काळातले जगातले एक सर्वांत मोठे पियानोवादक सत्तरी ओलांडल्यावर सैबेरियाच्या दौऱ्यावर निघाले. मोटार आणि रेल्वेने कित्येक महिने प्रवास, वाटेत दीडशेच्या आसपास मैफली, त्यांतल्या कितीतरी अशा गावांत जिथे धड सभागृह नव्हतं. बरोबर पियानो होता आणि तो जुळवणारे लोक होते. म्हणजे गावागावात पियानो ठेवायची गरज नाही, एक फिरता पियानो आणि एक फिरता जुळारी पुरतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड ही शहरं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. डिसेंबर-जानेवारीत, हवा कोरडी पण सौम्य असताना, मध्यम आकाराचा एक पियानो या चार ठिकाणी नेणं हे तंत्राच्या दृष्टीने अशक्य नाही. खर्च चौघांत वाटला जातो. अडतं ते चार शहरांनी मिळून एक वेळापत्रक ठरवण्यापाशी.

शिकणाऱ्यांसाठी मार्ग आणखी स्वस्त आहे. डिजिटल पियानोला तारा नाहीत, त्यामुळे हवेचा त्रास नाही आणि जुळाऱ्याची गरज नाही. वजनदार पट्ट्यांचा बरा डिजिटल पियानो एका चांगल्या दुचाकीच्या किमतीत येतो. गोव्यात डॉ. लुईस डायस यांच्या पुढाकाराने २००९ पासून 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' गरीब घरांतल्या मुलांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकवतं. वाद्यं मिळवणं तुलनेने सोपं असतं. दर आठवड्याला न चुकता येणारा शिक्षक मिळवणं आणि त्याला टिकवणं अवघड. परभणीतल्या शाळांमध्ये पेटी वाजवणारे शिक्षक आजही आहेत. पट्ट्यांवर त्यांची बोटं आधीच बसलेली आहेत, डावा हात तेवढा भात्यावरून सोडवायचा आहे. नवा शिक्षक शोधण्याआधी या शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर प्रशिक्षण देणं कितीतरी सोपं, आणि त्यासाठी कुणाला नरिमन पॉइंटला यावं लागणार नाही.

जुळारी तयार होतील का, याचं उत्तर मिरजेकडे पाहिल्यावर मिळतं. तिथल्या शिकलगारांचं मूळ काम शस्त्रांचं. एकोणिसाव्या शतकात ते सतार-तंबोऱ्याकडे वळले, कारण संस्थानात गायक-वादक येऊ लागले आणि वाद्यं दुरुस्त करायला कुणीतरी हवं होतं. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. तिथे आधी गिऱ्हाईक आलं, मग कारागीर झाले. मराठवाड्यातल्या चार शहरांत दरवर्षी पियानो फिरू लागला तर त्याच्या मागे किल्ली घेऊन फिरणारा पहिला तरुण पेटी दुरुस्तीच्या एखाद्या दुकानातूनच निघेल.